पंपाचा व्हिडिओ आणि अशक्याचा धुरा

कपाशीला ओलिताची गरज लागली की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. टिनाचं शेड असतं, त्यात एक जाडजूड लोखंडी चाक. चाकाला पट्टा, पट्ट्याच्या एका टोकाला मोटार, दुसऱ्या टोकाला जनित्र, आणि जनित्रातून निघालेली वायर फिरून पुन्हा त्याच मोटारीला. हातानं एक झटका दिला की चाक फिरतं, दिवे लागतात, पंप पाणी फेकतो. वीज नाही, डिझेल नाही, बिल नाही. खाली मजकूर असतो की एका साध्या शेतकऱ्याच्या पोरानं हे करून दाखवलं, म्हणूनच ते दाबून ठेवलं जातंय.

रात्रीच्या लाईनीवर ओलीत करणाऱ्याला हा व्हिडिओ खरा वाटावा यात नवल नाही. साप-विंचवाच्या भीतीत मध्यरात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाला असं यंत्र हवंच असतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आल्यापासून तर बिनबिलाच्या पाण्याची चर्चा पारावर रोजची झाली आहे. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं: “काऊन नाही होणार गा? शंभर वर्साआधी मोबाईल होईन असं कोणाले वाटलं होतं का?” तालुक्याच्या गावी शिकवणी वर्गांच्या फ्लेक्सवरही हेच जरा शुद्ध भाषेत छापलेलं असतं. माणूस ज्याची कल्पना करू शकतो ते तो करू शकतो, मर्यादा असतात त्या फक्त डोक्यात.

पोराला अभ्यासाला बसवायला हे वाक्य ठीक आहे. त्याच्या भरवशावर पंप घेऊ नये. पण मला या वाक्याची दुसरी चूक जास्त मजेशीर वाटते. कल्पनेत येणारं सगळं शक्य नसतं, हे तर आहेच. उलट जगात जे शक्य आहे त्यातलं बरंचसं कोणाच्याच कल्पनेत आलेलं नव्हतं.

## टॉर्चचा उजेड कुठवर, शेत कुठवर

रात्री ओलीत करताना हातात टॉर्च असतो. उजेड जिथवर पडतो तिथवरच दिसतं, पण शेत तिथं संपत नाही. शेत धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, संपतं, मग त्यावर उजेड पडो न पडो. आणि टॉर्च चांगला असला तर उजेड धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीवरही पडतो. तूर स्पष्ट दिसली म्हणून ती आपली होत नाही.

कल्पना म्हणजे तो उजेड आणि शक्य म्हणजे ते शेत. दोन्हींच्या कडा वेगळ्या आहेत. शेताचा काही भाग अंधारात असतो, म्हणजे शक्य असूनही कोणाला सुचलेला नसतो. काही उजेड धुऱ्यापलीकडे पडतो, म्हणजे डोळ्यांपुढे उभं राहतं पण घडू शकत नाही. बिनविजेचा पंप या दुसऱ्या भागातला आहे. आता खरा प्रश्न असा, की धुरा कुठं आहे हे कळतं कसं? कारण तो आखून देणारा कोणी पटवारी इथं नाही.

## ‘अशक्य’ एकाच जातीचं नसतं

बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो आणि अर्धा गोंधळ तिथंच होतो.

पहिलं अशक्य म्हणजे अजून न जमलेलं. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. सूत भरपूर निघालं पाहिजे, किंमत खेड्यातल्या माणसाला परवडली पाहिजे, दुरुस्ती गावातच झाली पाहिजे, अशा अटी होत्या. त्या सगळ्या पुऱ्या करणारा चरखा तेव्हा कोणालाच जमला नाही. पण निसर्गाची त्याला काही आडकाठी नव्हती. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी अंबर चरखा बनवला आणि स्वातंत्र्यानंतर तो खादीच्या कामात रुजला.

दुसरं अशक्य निसर्गाच्या नियमानं बंद केलेलं. तिथं हुशारी, पैसा, जिद्द काहीच चालत नाही. तिसरं तर्कानंच बंद. शाळेत कंपास आणि पट्टीनं कोनाचे दोन समान भाग करायला शिकवतात. तीन भाग करायला का शिकवत नाहीत? वाटेल त्या कोनाचे फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून तीन समान भाग करता येत नाहीत, म्हणून. १८३७ मध्ये व्हॅन्त्झेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं ते सिद्ध केलं. ‘अजून कोणाला जमलं नाही’ असं त्यानं म्हटलं नाही. जमणारच नाही, हे दाखवलं. त्याआधी दोन हजार वर्षं लोक प्रयत्न करत होते.

शिकवणी वर्गाचा फ्लेक्स फक्त पहिल्या जातीबद्दल बोलतो आणि बाकी दोन नाहीतच असं धरून चालतो.

## चाक फिरताना दिसतं, मग अडतं कुठं?

आपोआप फिरणाऱ्या चाकाची कल्पना व्हॉट्सॲपपेक्षा फार जुनी आहे, आणि ती कोणा भोंदूची नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ज्या ‘लीलावती’चं नाव आपण शाळेत ऐकतो तो याच ग्रंथाचा भाग. त्यातल्या यंत्रांच्या अध्यायात अशा चाकाचं वर्णन आहे: आऱ्या पोकळ, त्यांत अर्धा अर्धा पारा भरलेला, चाक फिरलं की पारा एका बाजूला सरकतो, त्या वजनानं चाक पुढे फिरतं, आणि असं ते फिरतच राहतं. एवढ्या तोडीच्या गणितीलाही हे चाक मनात फिरताना दिसलं. प्रत्यक्षात पारा जेवढं एका बाजूनं ओढतो तेवढंच दुसऱ्या बाजूनं अडवतो आणि चाक थोड्या वेळात थांबतं. कल्पनेला घर्षण लागत नाही, हीच तिची गोम आहे.

ऊर्जा म्हणजे काम करण्याची ताकद, मापता येणारी. १८४० च्या दशकात जूल, मायर, हेल्महोल्ट्झ या तिघांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली: ऊर्जा रूप बदलते, पण एकूण बेरीज घटत नाही की वाढत नाही. यालाच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात. जूलनं तर पाण्यात पंखा फिरवून, खाली येणाऱ्या वजनानं पाणी किती तापतं ते मोजलं होतं.

हा नियम विहिरीवर लावून पाहू. एक लिटर पाणी एक मीटर वर उचलायला सुमारे ९.८ जूल (ऊर्जेचं माप) लागतात. विहिरीत पाणी ३० मीटर खोल असेल आणि दहा हजार लिटर उपसायचं असेल, तर हिशोब २९ लाख ४० हजार जूल, म्हणजे विजेच्या भाषेत ०.८२ युनिट. पाइपमधलं घर्षण, पंपाची झीज, मोटारीचं तापणं धरलं तर मीटर दीड-दोन युनिट दाखवील. चांगला पंप घेऊन ते कमी करता येतं, पण ०.८२ च्या खाली कोणताही पंप जाणार नाही. जर्मन नाही, जपानी नाही, देवानं दिलेला नाही. धुरा म्हणतात तो हा, आणि तो आकड्यात सांगता येतो.

व्हिडिओतलं जड चाक ऊर्जा साठवतं, तयार करत नाही. झटक्यानं दिलेली ऊर्जा ते थोडा वेळ धरून ठेवतं. मोटार जनित्राला फिरवते आणि जनित्र मोटारीला, या फेऱ्यात दर वेळी काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. पंपासाठी शिल्लक राहायचं तर सोडाच, ते दोघं एकमेकांनाच पुरत नाहीत. मग व्हिडिओत पाणी कसं येतं? कुठंतरी वायर असते, नाहीतर पेटीत बॅटरी असते.

तपासायची रीत सोपी आहे. यंत्र शेताच्या मधोमध उघड्यावर ठेवायला सांगा आणि त्यावर ३ एचपीची मोटार पूर्ण भारावर आठ तास चालवून मागा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ १८ युनिट झाले. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात १.८ युनिट मावतात. म्हणजे दहा बॅटऱ्या लपवाव्या लागतील, आणि दहा बॅटऱ्या धोतरात लपत नाहीत. विकणारा पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक दाखवायला एका पायावर तयार असतो. आठ तास म्हटलं की त्याला दुसऱ्या गावी जायचं असतं.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचंही असंच. हायड्रोजन जळाला की पाणी होतं, म्हणजे पाणी हे आधीच जळून झालेलं आहे. त्यातून हायड्रोजन परत काढायला किमान तेवढी ऊर्जा लागते जेवढी तो जाळून मिळते. १९९६ मध्ये तमिळनाडूत जडीबुटीपासून पेट्रोल बनवल्याच्या दाव्यानं देशभर खळबळ उडवली होती. प्रकरण शेवटी सीबीआयकडे गेलं.

## पॅरिसच्या पंडितांची एक फजिती आणि एक बरोबर उत्तर

इथं जाणकार वाचक विचारील: पण हे ‘नाही’ म्हणणारे शास्त्रज्ञ नेहमीच बरोबर असतात का? मुळीच नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचेच दोन निर्णय शेजारी ठेवून पाहू.

१७७५ मध्ये अकादमीनं जाहीर केलं की सतत आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासले जाणार नाहीत. तेव्हा ऊर्जेचा नियम मांडलाही गेला नव्हता. आज अडीचशे वर्षांनी हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला आहे.

त्याआधी तीनच वर्षं, १७७२ मध्ये, याच अकादमीपुढे फ्रान्समधल्या ल्युसे गावी आकाशातून पडलेल्या दगडाचा अहवाल आला. तपासणाऱ्यांत लाव्हॉझिए होता, आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा. निष्कर्ष निघाला की दगड आकाशातून पडलेला नाही, आकाशात दगड कुठले? शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण पंडितांच्या कल्पनेत ते बसेना. १८०३ मध्ये लेग्ल गावावर हजारो दगडांचा वर्षाव झाला, ब्यो नावाच्या शास्त्रज्ञानं गावोगाव फिरून चौकशी केली, आणि मग अकादमीनं मान डोलावली.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे लांब फ्रान्समध्ये शोधायची गरज नाही. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं. लोकांनी त्याला लवणासुराची कथा दिली, विष्णूनं दैत्याला मारलं ती ही जागा. दैत्यसूदनाचं देऊळ आजही आहे. नंतर आलेल्या भूवैज्ञानिकांतल्या बऱ्याच जणांनी ज्वालामुखीची कथा दिली. आजूबाजूला सगळा काळा बेसाल्ट, म्हणजे पटण्यासारखीच. पुढे तिथं भोकं पाडून नमुने काढले, त्यांत प्रचंड धक्क्यानंच बनते अशी काच सापडली, आणि १९७३ मध्ये उल्कापाताचा पुरावा छापून आला. इतकी मोठी गोष्ट गावाच्या उशाला हजारो वर्षं पडून होती. दैत्य सुचला, ज्वालामुखी सुचला. आकाशातून डोंगराएवढा दगड येऊ शकतो, हे मात्र फार काळ कोणाला सुचलं नाही.

मग अकादमीच्या दोन नकारांत फरक काय? दगडाच्या बाबतीत वस्तू हातात होती, साक्षीदार होते, आणि नकाराला आधार फक्त एवढाच की ‘असं असतं का कुठं!’. तो कल्पनेचा तोकडेपणा होता. यंत्राच्या बाबतीत शेकडो लोकांनी शेकडो तऱ्हांनी शेकडो वर्षं प्रयत्न केले आणि सगळे त्याच एका जागी अडकले. टॉर्च न पोचणं आणि धुऱ्याला पाय लागणं यात फरक असतो. धुऱ्यावर कुठूनही या, कोणीही या, ठेच तिथंच लागते.

## “विमानालाही नाहीच म्हणाले होते ना?”

हो, म्हणाले होते. लॉर्ड केल्विननं १८९६ मध्ये एका पत्रात लिहिलं की फुगे सोडले तर हवाई प्रवासावर त्याचा कणभरही विश्वास नाही. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं यंत्र उडालं. ऊर्जेच्या नियमांवर केल्विननं आयुष्यभर काम केलं होतं, तरी तो चुकला.

पण तो कशाबद्दल चुकला ते पाहा. त्याच्या खिडकीबाहेर कावळे उडत होते. हवेपेक्षा जड वस्तू हवेत तरंगू शकते याचा पुरावा रोज काव काव करत होता. इंजिन हलकं होणं आणि पंखांचा आकार साधणं एवढंच बाकी होतं, म्हणजे वर सांगितलेलं पहिल्या जातीचं अशक्य. आता कोणी दाखवावं: काहीच न खाता उडणारा कावळा कोणी पाहिला आहे? वैरण न खाता नांगर ओढणारा बैल? ज्या दिवशी तसा बैल आर्वीच्या बाजारात येईल त्या दिवशी मीही व्हिडिओतल्या पंपाला हात जोडीन.

याहून मोठी फजिती ओग्युस्त कोंतची झाली. ताऱ्यांत कोणते पदार्थ आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असं या फ्रेंच तत्त्वज्ञानं १८३५ मध्ये लिहिलं. तिथं जाता येत नाही, नमुना आणता येत नाही, मग कळणार कसं? त्याच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच किर्खहॉफ आणि बुन्सेननं दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपापल्या रेघा सोडतं. नमुना आणायची गरजच नव्हती, तो उजेडाबरोबर रोज येत होता. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ सापडली. त्यावरून हेलियम हे नाव ठेवलं गेलं, आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. माणसाला सूर्यातला पदार्थ घरातल्या पदार्थाआधी सापडला. कोंतनं स्वतःच्या टॉर्चची मर्यादा धुरा समजून लिहून टाकली होती.

## डोक्यात मावत नाही, पण मोजणीत येतं

गावात आता जमिनीची मोजणी रोव्हर घेऊन होते. काठीवरचं ते यंत्र उपग्रहांचे संदेश पकडतं, आणि संदेश कधी निघाला, कधी पोचला यावरून जागा ठरते. म्हणजे सगळा खेळ घड्याळांचा. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. घड्याळात बिघाड नसतो, तिथं काळच वेगळ्या चालीनं चालतो. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे, वेगामुळं ७ मागे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून हा हिशोब येतो. तो धरला नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल आणि तुमचा सात-बारा शेजारच्या तालुक्यात जाऊन पडेल.

काळ वेगळ्या चालीनं चालतो म्हणजे नेमकं काय, याचं चित्र मनात उभं करून पाहा. होत नाही. ते शास्त्रज्ञांनाही उभं करता येत नाही, ते समीकरण लिहितात आणि समीकरणावर विश्वास ठेवतात. माणसाची कल्पना घडली ती रानात फळं शोधताना आणि ढोरामागं फिरताना; काळाच्या चाली ओळखायची तिला गरजच पडली नाही. जिथं ती थकते तिथून गणित पुढे जातं. हे मला फार दिलासा देणारं वाटतं, कारण याचा अर्थ असा की सामान्य कल्पनाशक्तीचा माणूसही चिकाटीनं आकडेमोड करून प्रतिभावंताच्या पुढे जाऊ शकतो.

## बोंडअळीला काही सुचलं नव्हतं

कल्पना नसतानाही शक्य गोष्ट सापडू शकते, याचा पुरावा वऱ्हाडातल्या माणसानं स्वतःच्या खर्चानं पाहिलेला आहे.

बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं एक प्रथिन काही अळ्यांच्या आतड्याला चिकटतं आणि आतडं फाडतं. त्या प्रथिनाचा जनुक, म्हणजे ते बनवायची पेशीतली सूचना, कपाशीत घातली आणि २००२ मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. चार वर्षांनी दोन प्रथिनांची बीजी-२ आली. मातीतल्या जंतूचा गुण पऱ्हाटीच्या पानात येईल, हे १९५० सालच्या यवतमाळात कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्याला मांत्रिकाकडे नेलं असतं. तरी ते शक्य होतं, तेव्हाही.

मग गुलाबी बोंडअळीनं काय केलं? गुजरातेत २०१० च्या सुमारास पहिल्या बीटीला ती दाद देईनाशी झाल्याचं दिसलं, आणि २०१७ च्या हंगामात बीजी-२ च्या कपाशीवर विदर्भात तिनं जो धुमाकूळ घातला तो आठवायला कोणालाच सांगावं लागत नाही. डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं), किडकी बोंडं, वेचणीला मजूर येईना. अळीनं बैठक घेतली नव्हती. लाखो अळ्यांमध्ये थोड्या अशा असतात की योगायोगानं त्यांच्या आतड्यातली प्रथिन चिकटायची जागा जरा वेगळी असते. बीटी खाऊन बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी कपाशी, ठेवून आपण त्यांना आणखी काही महिने खायला घातलं.

हे थोपवायलाच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट येत होतं. ते कडेनं लावलं की बीटीनं मरणारे पतंगही शेतात शिल्लक राहतात, त्यांचा संकर चिवट पतंगांशी होतो आणि पुढची पिढी पूर्ण चिवट होत नाही. पुष्कळांनी ते पाकीट बांधावर फेकलं. अळीच्या यशात कल्पनेचा वाटा शून्य आणि चुकत-माकत शोधण्याचा वाटा सगळा. धुऱ्याच्या आत काय काय आहे हे ती आंधळेपणानं चाचपत होती, आणि तिच्याकडे पिढ्या भरपूर होत्या. पण एक गोष्ट अळीलाही जमली नाही: न खाता जगणं. तो धुरा तिलाही लागू आहे.

## “उद्या नियमच चुकीचे निघाले तर?”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. न्यूटनचे नियम दोनशे वर्षं अंतिम वाटत होते, मग आइन्स्टाइन आला. ऊर्जेचंही तसं होणार नाही कशावरून?

न्यूटनचं काय झालं ते नीट पाहावं. बुध ग्रहाच्या कक्षेत एक बारीक फरक होता, शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे अंशाच्या ८० व्या भागाहूनही कमी. आइन्स्टाइननं तो सोडवला. पण त्यामुळं झाडावरचा आंबा वर पडायला लागला नाही. अवकाशयानं आजही न्यूटनच्याच गणितानं पाठवतात. नवा नियम जुन्याला पोटात घेऊन येतो, जे आधी मोजून ठरलं आहे ते त्यालाही मान्य करावं लागतं. ऊर्जेचा नियम मोडणारा प्रयोग आजवर कोणी दाखवलेला नाही, आणि तो मोडलाच तर पहिल्यांदा अणुकेंद्राच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मोडेल, टिनाच्या शेडमध्ये पट्ट्यावर नाही. १९१८ मध्ये एमी न्योटर या गणितज्ञेनं तर दाखवून दिलं की निसर्गाचे नियम आज आणि उद्या सारखेच असतील, तर ऊर्जेची बेरीज कायम राहणं आपोआप येतं.

मात्र या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे. काही मर्यादा निसर्गाच्या नसतात, रचनेच्या असतात. सौर पॅनेलचं घ्या. १९६१ मध्ये शॉकली आणि क्वायसरनं हिशोब मांडला की एकाच थराच्या सौरघटाला उन्हातली जास्तीत जास्त ३०-३३ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा विजेत बदलता येईल. बाजारातली पॅनेलं वीस-बावीस टक्क्यांवर आहेत. मग कोणीतरी म्हटलं, थर एकच का? वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश पकडणारे थर एकावर एक रचले आणि प्रयोगशाळेत चाळिशी ओलांडली. शॉकलीचा आकडा चुकला नाही, लोक त्याला वळसा घालून गेले. कल्पनाशक्ती कामाला येते ती अशी. वरचा धुरा मात्र तिथंच: भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं, त्याहून जास्त वीज त्या तुकड्यातून निघणार नाही. ३ एचपीच्या मोटारीला २२४० वॅट लागतात. म्हणून वहीएवढ्या पॅनेलवर मोटार चालवून दाखवणारा आला, तर त्याची डिग्री न विचारता त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

## मग सुचण्याचं काम उरतं कुठं?

शेतात, अंधाऱ्या भागात. आणि तो भाग लहान नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. कपाशी त्यात उभी असते आणि आपण तिला युरिया विकत आणून घालतो, कारण हवेतलं नत्र तिला वापरता येत नाही. शेजारच्या तासातल्या सोयाबीनला येतं, तिच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ते काम करतात. म्हणजे उडणारा कावळा इथं आहे. निसर्गाची मनाई नाही हे सोयाबीन दर पावसाळ्यात सिद्ध करते. कपाशीला, गव्हाला, ज्वारीला हे शिकवता येईल का, यावर जगभर अनेक वर्षं खटपट चालू आहे. २०२४ मध्ये एका सागरी शेवाळाच्या पेशीत असा भाग असल्याचं जाहीर झालं जो एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होता आणि आता त्या पेशीचाच अवयव होऊन नत्र धरतो. असा अवयव असू शकतो हे पाठ्यपुस्तकांत नव्हतं. समुद्रातल्या शेवाळानं ते कधीच करून ठेवलं होतं.

कोणी उद्या ‘युरिया न लागणारी कपाशी’ असा व्हिडिओ पाठवला, तर तो पंपाच्या व्हिडिओसारखा सरळ उडवून लावू नका. पण हिशोब त्यालाही विचारा. नत्राचा रेणू फोडायला ऊर्जा लागते, फार लागते. सोयाबीनही हे फुकट करत नाही, पानांत तयार झालेल्या साखरेचा एक वाटा ती गाठींतल्या जिवाणूंना देते. कपाशीलाही तो द्यावा लागेल, आणि तेवढी साखर सरकीला आणि रुईला कमी पडेल. ४५ किलो युरियाची गोणी सध्या २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ती वाचवून एकरी कापूस किती घटतो, हे बियाणं काढणाऱ्याला आधी सांगावं लागेल.